उभी राहिली, पण गायली नाहीत

"शाळेत जो राष्ट्रगीत किंवा प्रतिज्ञा म्हणत नाही त्याची देशभक्ती कसली?" या सवालाचं उत्तर सुप्रीम कोर्टाने १९८६ मध्येच दिलंय. बिजो इमॅन्युएल खटला. 'यहोवाचे साक्षीदार' या ख्रिस्ती पंथातली केरळची तीन भावंडं राष्ट्रगीताला अदबीने उभी राहायची, गायची मात्र नाहीत. शाळेने काढून टाकलं, कोर्टाने परत घ्यायला लावलं.

अमेरिकेत तर आणखी गंमत. तिथे शाळेत झेंड्याच्या प्रतिज्ञेची सक्ती नको हा निकाल १९४३ चा, आणि तिच्यात देव घातला १९५४ मध्ये! आपल्या 'भारत माझा देश आहे'मध्ये देव मुळातच नाही. १९६२ मध्ये पैडिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी ती तेलुगूत लिहिली. म्हणजे आपल्या सोलापूरच्या पूर्व भागात ती घरच्याच भाषेतली की.

खरी गोची परिपाठात पुढे होते. प्रतिज्ञा संपली की त्याच दमात हात जोडा, डोळे मिटा, प्रार्थना सुरू. घटनेचं कलम २८(३) वाचा: मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत धार्मिक उपासनेला मुलाला बसवायचं, तर पालकांची संमती लागते. प्रवेश अर्जावर तसा रकाना मी तरी अजून पाहिलेला नाही.