ब्री चीज : गरोदरपण आणि शाकाहारी आईबाबा, मदत हवी आहे

पॅरिसच्या पूर्वेला मार्न-ला-व्हॅलेत राहते, म्हणजे ब्रीच्या मुलखातच. पाचवा महिना चालू आहे. पुढच्या आठवड्यात साताऱ्याहून आईबाबा येताहेत. दोघंही पक्के शाकाहारी, बाबा सत्तरीचे, आणि "तिथलं काहीतरी खास खायला घाल" ही त्यांचीच फर्माईश.

बाजारात ब्री द मो आणि ब्री द मलँ असे दोन प्रकार दिसतात, दोन्ही कच्च्या दुधाचे. सुपरमार्केटात पाश्चराइज्ड दुधाचंही मिळतं. ते मला चालेल ना? पांढरी साल काढून टाकली तर? आणि मो-मलँमध्ये फरक काय? मैत्रिणीकडच्या तुकड्याला अमोनियासारखा वास येत होता, ते खराब झालेलं असतं का?

खरवस
डेअरीत काम करते म्हणून लिहिते. पाश्चराइज्ड असलं तरी गरोदरपणात ब्री थंड खाऊ नकोस. दूध तापवल्यावर लिस्टेरिया (गर्भाला घातक ठरू शकणारा जिवाणू) मरतो, पण चीज पिकताना, कापताना तो बाहेरून पुन्हा येऊ शकतो. वरची पांढरी बुरशी चीजमधलं आम्ल खाऊन टाकते. आंबटपणा कमी झाला, ओलावा भरपूर, की लिस्टेरियाला रान मोकळं. तो फ्रीजमध्येही वाढतो. साल काढल्याने धोका घटतो, जात नाही. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेचा, एनएचएसचा, सल्लाही हाच : वाफा येईपर्यंत शिजवलेलं असेल तरच खा. ओव्हनमध्ये चीजचं अख्खं गोल चाक नुसतं वितळवलेलं पुरत नाही, मध्यभागी ते कोमटच राहतं. तुकडे करून ग्रातँमध्ये (ओव्हनमध्ये भाजलेल्या बटाट्याच्या किंवा भाज्यांच्या पदार्थात) घाल आणि चांगलं उकळू दे.

याआधी खाल्लं असशील तर घाबरू नकोस, पण ताप किंवा अंगदुखी आली तर डॉक्टरांना खाल्ल्याचं आवर्जून सांग. लक्षणं कधीकधी कित्येक आठवड्यांनी दिसतात.

आगाऊ_पाहुणा
बाबांचंही बघा. फ्रान्समध्ये ६५ वर्षांवरच्यांनाही कच्च्या दुधाचं मऊ चीज टाळायला सांगतात. शिवाय दोन्ही ब्रींत वासराच्या पोटातलं रेनेट (दूध गोठवणारं द्रव्य) असतं, म्हणजे शाकाहाऱ्यांसाठी दोन्ही बाद. पाश्चराइज्डमध्ये सूक्ष्मजीवांपासून केलेलं रेनेट असू शकतं, पण वेष्टनावर वाचल्याशिवाय घेऊ नका. नुसतं 'प्रेझ्यूर' (रेनेटचं फ्रेंच नाव) लिहिलं असेल तर ते प्राणिजन्य समजा.

खरवस
आता फरक. मो मोठं, साधारण ३६-३७ सेंमी व्यासाचं, अडीच-तीन किलोचं. एका चाकाला सुमारे २५ लिटर दूध लागतं. मलँ २७-२८ सेंमीचं. खरी गंमत दही धरण्यात आहे. मोचं दूध मुख्यतः रेनेटने लवकर गोठतं. मलँचं मात्र आपल्या विरजणासारखं, जिवाणूंच्या भरवशावर, निवांत. म्हणून ते जास्त खारट आणि तिखट. दोघांनाही १९८० मध्ये फ्रान्सचा मूळस्थानाचा दर्जा मिळाला. १८१५च्या व्हिएन्ना परिषदेत फ्रेंच मुत्सद्दी तालेराँने ब्रीला 'चीजचा राजा' ठरवून घेतल्याची दंतकथा तिथले लोक हमखास ऐकवतात. मला विचाराल तर मलँ सरस, पण हे वैयक्तिक!

अमोनियाचा हलका वास असेल तर वेष्टन काढून थोडा वेळ उघडं ठेवा. वास उडाला तर ठीक, नाकात झोंबत राहिला तर अतिपिकलंय. हिरवे, काळे किंवा गुलाबी डाग दिसले तर टाकून द्या.

धागाकर्ती
खूप आभार दोघांचेही! म्हणजे मला ग्रातँ, आईबाबांना वेष्टन वाचून. थंड खायला मला कोंते हे कडक फ्रेंच चीज चालेल का? तेही कच्च्या दुधाचंच आहे म्हणून विचारते.

खरवस
चालेल, साल काढून. कोंतेचं दही चांगलं तापवतात, दाबून पाणी काढतात आणि निदान चार महिने पिकवतात, म्हणून फ्रान्समध्ये डॉक्टरही गरोदर बायकांना ते खाऊ देतात. आईबाबांना मात्र देऊ नकोस, त्यातही वासराचंच रेनेट.