जर्मनीत पत्ता नोंदला गेला नाही तर लेकीला डॉक्टर बघतील का?

इंदिरानगरची_आई
नमस्कार मंडळी. मिस्टरांना स्टुटगार्टला नोकरी लागलीये, १ ऑक्टोबरला रुजू व्हायचंय. सप्टेंबरच्या मध्यात आम्ही तिघंही निघतोय. सुरुवातीला एक फर्निश्ड खोली ठरवलीये, पण मालकीण म्हणते, पत्ता नोंदवायचा कागद देणार नाही. लेक तीन वर्षांची आहे, तिला बालदमा. हवा बदलली की छाती वाजायला लागते. इथे रात्री दोनलासुद्धा कॉलेज रोडच्या डॉक्टरांना फोन करता येतो. तिथे नोंदणीच नसेल तर कोण बघणार? शिवाय एक एजंट खाजगी विमा घ्या म्हणून मागे लागलाय, स्वस्त पडतो म्हणे. जीव टांगणीला लागलाय.

गोदाकाठ
ताई, माहेर पंचवटी, सध्या मुक्काम लुडविग्सबुर्ग, म्हणजे तुमच्या शेजारीच. आधी तारखेचं बोलते. सरकारी क्रांकेनकासेचा (म्हणजे आरोग्य विमा संस्थेचा) विमा नोकरीच्या पहिल्या दिवसापासून लागू होतो, विमानातून उतरल्यापासून नाही. तोवर भिस्त प्रवास विम्यावर, आणि त्यात जुना आजार बहुतेकदा वगळलेला असतो. म्हणून जमत असेल तर मिस्टरांना पुढे जाऊ द्या, तुम्ही दोघी १ तारखेनंतर या. तुम्हाला तिथे कमाई नसेल तर तुम्ही आणि लेक त्यांच्याच विम्यात येता, वेगळा हप्ता नाही. दमा आहे का, हेसुद्धा विचारत नाहीत. खाजगीवाले माणशी हप्ता घेतात आणि आधीचे आजार खोदून विचारतात. दमेकरी लेकरू घेऊन त्या वाटेला अजिबात जाऊ नका, एजंट काहीही सांगो.

पत्त्याची नोंदणी, म्हणजे आनमेल्डुंग, राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत करायची असते. त्याला घरमालकाच्या सहीचा कागद लागतो आणि तो देणं मालकावर कायद्याने बंधनकारक आहे. मालकीण आत्ताच नाही म्हणत असेल तर ती खोली सोडा. पत्ता नोंदला नाही म्हणून विमा अडत नाही, पण कर क्रमांक आणि रेसिडेन्स परमिट अडतात.

सातपूरकर
वरच्या ताईंनी नेमकं सांगितलंय. एक भर घालतो: पत्रपेटीवर तुमचं आडनाव हवंच. तिथला पोस्टमन फ्लॅट नंबर बघत नाही, नाव बघतो. आमच्या पेटीवर आधीच्या भाडेकरूचं नाव तसंच होतं, त्यामुळे विम्याचं कार्ड परत गेलं. तेव्हा क्रांकेनकासेकडून विमा असल्याचं तात्पुरतं पत्र मागवलं, दवाखान्यात ते चाललं. पहिल्याच दिवशी कागदावर नाव लिहून चिकटपट्टीने लावा, पाटी नंतर होईल.

औषधवाली
मी फार्मासिस्ट आहे, तिकडे राहून आलेय. तीन महिन्यांपुरतं स्वतःचं औषध नेता येतं. इनहेलर मूळ खोक्यातच ठेवा, स्पेसर (इनहेलरला लावायची नळी) विसरू नका. डॉक्टरांकडून इंग्रजीत चिठ्ठी घ्या, त्यात ब्रँडऐवजी औषधाचं मूळ नाव आणि मात्रा असू द्या, आपले ब्रँड तिथल्या दुकानात कळत नाहीत. नेब्युलायझर तिथल्या विजेवर चालतो, फक्त आपली पिन बसत नाही, अ‍ॅडॉप्टर न्या.

लसीकरणाची फाईलही हवी. बालवाडीत गोवराच्या दोन डोसांचा पुरावा मागतात, २०२० पासून तसा कायदाच आहे. तारखा पुसट झाल्या असतील तर डॉक्टरांकडून नव्याने लिहून सही-शिक्का घ्या. दवाखाना बंद असताना ११६११७ ला फोन करायचा, बालरोगतज्ज्ञाची वेळ मिळत नसेल तरी तिथेच. पण श्वास लागला तर थेट ११२. अठरा वर्षांखालच्या मुलांना चिठ्ठीवरच्या औषधांना वरचे पैसे पडत नाहीत.

इंदिरानगरची_आई
खूप खूप आभार सगळ्यांचे. मिस्टरांशी बोलले, ते एकटे पुढे जातील, आमची तिकिटं ऑक्टोबरची करतोय. ती खोलीही सोडली. गोदाकाठ ताई, तुमच्या बाजूला नोंदणीचा कागद देणारं घर कळलं तर जरूर सांगा, दोन खोल्या पुरेत.

गोदाकाठ
व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय, बघा.