कोलाम मुलीची भूमिका, शहरातली मुलगी, वरून गडद मेकअप?

प्रश्न – पांढरकवडा
झरी जामणीकडच्या कोलाम आदिवासींच्या पोडावरच्या (वस्तीवरच्या) एका कथेवर लघुपट करतोय. नायिका १२ वर्षांची, घरच्या कपाशीत वेचणीला जाणारी. निर्माते म्हणतात, नागपूरची तयार बालकलाकार घ्या, रंग दोन छटा गडद करा. २०२३ च्या 'द लिटिल मर्मेड'मध्ये जलपरी कृष्णवर्णीय हॅली बेलीनं केली, मग इथं का अडतं? काय सांगावं त्यांना?

वणीकर
जलपरीच्या कथेत पेच आहे तो आवाज गमावण्याचा, पाणी सोडून जमिनीवर येण्याचा. कातडीच्या रंगावर एकही प्रसंग टेकलेला नाही, म्हणून ती भूमिका कुणालाही देता येते. तुमच्या नायिकेचं कोलाम असणं हीच तर कथा आहे! तिथं रंग फासून दुसरी उभी केली, तर ज्यांची गोष्ट तेच बाहेर राहिले. कथेतल्या मास्तरीणबाई, नर्स मात्र कुणीही करावी.

रंगभूषाकार
आणि वेचणीच्या प्रसंगात हा मेकअप टिकतच नाही. बोटं सारखी बोंडात जातात, रंग सुटतो, पांढऱ्या कापसावर तपकिरी ठसे उमटतात. हात तसेच सोडले तर क्लोजअपमध्ये हात एकीचे, चेहरा दुसरीचा. घामानं मेकअप आधी कानामागं आणि केसांच्या कडेला फुटतो. दर टेकला जुळवत बसाल.

कॅमेरा, यवतमाळ
'सावळा चेहरा पडद्यावर उठत नाही' हेही ऐकवतील. साफ खोटं. ऑटो एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यानं आपोआप ठरवलेला उजेड, कापसाचा पांढरा बघून अख्खी फ्रेम काळवंडवतं आणि बोल चेहऱ्याला लागतो. ऑटो बंद करा, स्पॉट मीटर (एकाच ठिकाणचा उजेड मोजणारं) गालावर धरा, रीडिंगपेक्षा साधारण एक स्टॉप, म्हणजे निम्मा उजेड, कमी ठेवा. चेहऱ्यामागं फुटलेली कपाशी घेऊ नका, तुरीची ओळ घ्या. उजेड चेहऱ्यावर परतवायला थर्माकोल बाजूनं धरा. भर दुपारी शूट टाळा.

वणीकर
निवडीचं सांगतो. आधी पोडाच्या नाईकाला (प्रमुखाला) आणि आईबापाला भेटा. ऑडिशन संध्याकाळी पोडावरच. वेचणीची मजुरी बुडवून कुणाला बोलावू नका. हातात संवादाचा कागद देऊ नका, प्रसंग सांगा आणि त्यांच्या भाषेत, कोलामीत बोलू द्या. ओठ हलतील मराठीत आणि डबिंग कोलामीत, असला प्रकार तर नकोच. मुलगी १४ च्या आतली, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. काम दिवसाला ५ तासांच्या वर नाही, विश्रांतीशिवाय सलग ३ तासांच्या वर नाही. मानधनातले किमान २०% तिच्या नावानं राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत टाकावे लागतात. आणि मानधन नागपूरच्या मुलीला देणार होता तेवढंच, एक रुपयाही कमी नाही.