मदत हवी आहे: लास वेगासमध्ये तांदूळ धुतलेलं पाणी झाडांना घालावं की नको?

नमस्कार मंडळी. दोन महिन्यांपूर्वी आम्ही लास वेगासला घर घेतलं. मागे जुन्या मालकाने हौसेने वाढवलेली हिरवळ आहे. सध्या सासूबाई आल्या आहेत. त्यांनी पहिल्याच दिवशी सिंकमध्ये पातेलं ठेवलं: तांदूळ, डाळ, भाजी धुतलेलं सगळं पाणी झाडांना. मला कौतुक वाटलं. वर्षाला जेमतेम 100 मिमी पाऊस पडणारं गाव, शहराला पाणी देणाऱ्या मीड तलावाच्या कडेचा, पाणी उतरल्याने उघडा पडलेला तो पांढरा पट्टाही आम्ही पाहून आलो.

पण शेजारचे आजोबा म्हणतात, "अंघोळ हवी तेवढी करा, ते गवत तेवढं काढा." आधी वाटलं थट्टा करतायत. मग नियम वाचले तर बागेवरच सगळा रोख! हिवाळ्यात आठवड्यातून एकच दिवस पाणी, रविवारी तर बारा महिने बंद, उन्हाळ्यात सकाळी 11 ते संध्याकाळी 7 फवारे नाहीत. घरातल्या नळाला असं काहीच नाही. हे काय गौडबंगाल आहे? आणि गवत उपटायला माणूस शनिवारी येतोय, त्याआधी काही करावं लागतं का?

प्रतिसाद 1
त्या माणसाला आधी थांबवा! गवत काढण्यासाठी पाणी प्राधिकरण अनुदान देतं, पण आधी अर्ज, मग पाहणी, मंजुरी आली की मगच फावडं. आधीच उपटलंत तर पैसे विसरा. शिवाय नुसती खडी पसरून भागत नाही. झाडं मोठी झाल्यावर निम्मी जागा झाकली जाईल इतकी लावावी लागतात, ठिबकवर.

प्रतिसाद 2
आजोबा बरोबर आहेत. मीड तलावात येतं ते कोलोरॅडो नदीचं पाणी. त्यात आपल्या नेवाडा राज्याचा वाटा वर्षाला 3 लाख एकर-फूट, म्हणजे आपल्या भाषेत साधारण 13 टीएमसी. वाटा ठरला 1928 साली, तेव्हा हे शहर म्हणजे रेल्वेचं छोटं ठाणं होतं. कॅलिफोर्नियाला 44 लाख मिळाले. ते असो.

गोम अशी की मोजतात ते तलावातून उचललेलं वजा परत सोडलेलं. सिंक, मोरी, संडास यांचं सांडपाणी शुद्ध होऊन लास वेगास वॉश या ओढ्यातून पुन्हा मीड तलावात जातं, आणि तेवढं पाणी शहराला परत उचलता येतं. गवतावर घातलेलं मात्र उन्हात उडालं की गेलं. म्हणून 2021 च्या कायद्याने रस्त्याकडेचं, ऑफिसांपुढचं शोभेचं गवत 2026 अखेर काढायला लावलंय. तुमच्यासारख्या स्वतंत्र घरांना सक्ती नाही.

आता पातेल्याचं. झाडाला एक तांब्या वापरलेलं पाणी घातलंत, तर नळाचा एक तांब्या वाचला, पण तलावात परत जाणाराही एक तांब्या कमी झाला. हिशोब शून्य. बिलात चार पैसे वाचतील, बस.

प्रतिसाद 3
दुष्काळाची तयारी एवढ्यावर थांबत नाही. तलावाच्या खोल भागातून पाणी घेणारा तिसरा बोगदा 2015 मध्ये झाला, पुढे पंपही बसले. तलाव अडवणाऱ्या हूवर धरणातून खाली थेंब सोडता येणार नाही इतका तलाव आटला, तरी हे शहर पाणी उपसू शकतं. 2022 साठी पहिल्यांदा टंचाई जाहीर होऊन नेवाडाचे 21,000 एकर-फूट कापले गेले. शहर आधीच वाट्यापेक्षा कमी वापरत होतं, म्हणून घरोघरी कळलंही नाही.

धागाकर्ती
खूप आभार! शनिवारचा माणूस रद्द केला, अर्ज भरला. सासूबाईंना शून्याचा हिशोब समजावला. "बरं," म्हणाल्या, पातेलं तिथेच आहे.

आता एक नवीन शंका: हिरवळीत तुतीचं मोठं झाड आहे, ते आजवर गवताच्याच पाण्यावर जगलंय. गवत गेल्यावर त्याचं काय?

प्रतिसाद 1
गवताचे फवारे बंद करण्याआधी त्याला स्वतंत्र ठिबक द्या. बुंध्याशी नको, फांद्यांच्या घेराखाली गोल फिरवून. इथे गवत काढल्यावर झाडं मरतात ती बहुतेक याच चुकीने.