तीन हजारांच्या पुढची गरज

ज्येष्ठांना साधने घेण्यासाठी मदत देणाऱ्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेचे पैसे थेट बँक खात्यात येत असल्यामुळे मधली गळती थांबली, असे म्हटले जाते आणि ते मला मान्य आहे. मात्र तेवढ्याने ज्येष्ठांची गरज भागते, हा त्यावरून काढला जाणारा निष्कर्ष पटत नाही. राज्य शासनाने २०२४ मध्ये सुरू केलेल्या या योजनेत ६५ वर्षे पूर्ण झालेल्या आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असलेल्या व्यक्तीला चष्मा, श्रवणयंत्र, वॉकर, कमोड खुर्ची यांसारख्या साधनांसाठी एकदाच ३,००० रुपये मिळतात. चष्म्याचे त्यात भागते, श्रवणयंत्राचे भागत नाही. माझ्या मावशीने कानाची तपासणी न करताच दुकानातून यंत्र आणले. ते सारखे शिट्टी मारू लागल्यावर तिने रुमालात गुंडाळून फडताळात ठेवून दिले, आणि आजही तिच्याशी ओरडूनच बोलावे लागते. कोणत्या कानाला किती कमी ऐकू येते हे मोजून यंत्र जुळवून द्यावे लागते, आणि ती सोय तिच्या तालुक्यात नाही. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना २०२२ पासून एसटीचा प्रवास मोफत आहे, ही मोठीच सोय. पण दोन गाड्या बदलून जिल्ह्याच्या गावी जायचे, तर सोबतच्या माणसाची त्या दिवसाची मजुरी बुडते. त्यामुळे निधी वाढवायचा असेल, तर आधी ग्रामीण रुग्णालयात महिन्यातला एक ठरलेला दिवस श्रवणतपासणी आणि साधनांच्या दुरुस्तीसाठी राखून त्याचा खर्च शासनाने उचलावा, असे मला मनापासून वाटते.