‘बोट सरकवा’ म्हणजे नेमकं काय सरकवायचं?

लातूरकर

दिवाळीत भाचरं घरी आली, म्हणून पटावरच्या एका युद्धखेळाचे नियम मराठीत उतरवायला बसलो. दुसऱ्या महायुद्धातली इंग्लिश खाडी, अंधारी रात्र, इकडून ब्रिटिश टॉर्पेडो बोटी, तिकडून जर्मन. कागदी पटावर मोहळाच्या पोळ्यासारखी षटकोनी घरं, पुठ्ठ्याच्या सोंगट्या, दोन फासे. पहिलाच नियम लिहिला, ‘चाल आली की बोट तीन घरं पुढे सरकवा.’ भाचीनं सोंगटीला हातही लावला नाही. तर्जनी पटावर टेकवली आणि एक, दोन, तीन करत पुढे नेली. वर विचारते, ‘मामा, आता उचलू का?’

तिचं चुकलं असं मला म्हणवेना. तर ‘बोट’ला दुसरा शब्द सुचवा. आणि या प्रकारच्या खेळाला मराठीत म्हणायचं काय? मी ‘युद्धपट’ लिहिलं, तर मेव्हणे म्हणाले, कुठल्या थेटरात लागलाय?

परभणीकर

शब्द बदलू नका, वाक्य बदला. हाताचं ते बोट, पाण्यातली ती बोट. अनेकवचनात बोटं आणि बोटी. विभक्ती लागली तरी बोटाला आणि बोटीला असे वेगळे राहतात. घोटाळा होतो तो फक्त उघड्या ‘बोट’ला, तेही आज्ञार्थात, कारण ‘सरकवा’ या क्रियापदाला कर्माच्या लिंगाशी देणंघेणं नसतं. ‘तुमची बोट सरकवा’ लिहा, एका ‘ची’नं काम भागतं.

‘युद्धपट’ शब्द चांगला होता, पण सिनेमावाल्यांनी नेला. मुळात पट म्हणजे कापड. बुद्धिबळाचा पट तोच, सारीपाटाचा तोच, आणि चित्रपटातलाही तोच. आता ‘पटावरचा युद्धखेळ’ असं लांबण लावावं लागेल. लावा, काही बिघडत नाही.

नांदेडात स्थायिक, मूळचा कोकणातला

‘बोट’ला पर्याय म्हणून कुणी ‘होडी’ सुचवण्याआधी सांगतो, होडी नको. अमेरिकन पीटी बोट, म्हणजे तिकडची टॉर्पेडो बोट, लाकडाची असली तरी सुमारे 24 मीटर लांब, म्हणजे दोन एसट्या एकीमागे एक उभ्या केल्या तर होईल तेवढी. वेग 40 नॉटच्या आसपास, ताशी साधारण 74 किलोमीटर. जर्मन बोट तर 35 मीटरची. तिला होडी म्हटलं की डोळ्यांपुढे वल्हं येतं.

मराठ्यांच्या आरमारातला ‘गलबत’ त्यातल्या त्यात जवळचा. त्याच आरमारातली मोठी लढाऊ नौका म्हणजे गुराब, दोन-तीन डोलकाठ्यांची, दीडशे ते तीनशे टनांची. गलबत सत्तर टनांच्या आतलं, चाळीस-पन्नास वल्ह्यांचं, वारा पडला तरी धावणारं. गंमत म्हणजे गुराब हा अरबी शब्द, अर्थ कावळा. इंग्रजांनी त्याचंच ‘ग्रॅब’ केलं. पण गलबतालाही शीड आलंच, त्यामुळे दुसऱ्या महायुद्धाच्या खेळात ते शोभणार नाही. 1679 च्या खांदेरीच्या लढाईवर असा खेळ कुणी केला तर मात्र हे शब्द आयतेच आहेत. उथळ पाण्यात मराठ्यांच्या चपळ होड्यांनी इंग्रजांच्या मोठ्या जहाजांना कसं हैराण केलं, ते षटकोनी घरांवर फार छान दिसेल.

लातूरकर

मग ‘नांगर’चं काय करू? नियम असा, ‘नांगरलेल्या बोटीवर मारा करताना फाशांच्या बेरजेत दोन मिळवा.’ आमचे वडील चष्मा लावून वाचायले होते. म्हणाले, ‘रान नांगरतेत, बोट कशी नांगरायची रे?’

नांदेडात स्थायिक, मूळचा कोकणातला

वडिलांना सांगा, दोन्ही नांगर वेगळ्या घरचे. शेतातला संस्कृत ‘लाङ्गल’वरून आला, समुद्रातला फारसी ‘लंगर’वरून. दोघांनीही ‘ल’ टाकून ‘न’ घेतला आणि मराठीत येऊन एका नावाचे झाले. क्रियापदही एकच, रान नांगरलं आणि बोट नांगरली. इथे तर लिंगही उपयोगाचं नाही, दोन्ही नांगर पुल्लिंगीच. पण माणूस गोंधळत नाही, कारण आमच्याकडे नांगर टाकतात आणि उचलतात, तुमच्याकडे धरतात आणि हाकतात.

बीडकर, निवृत्त नौसैनिक

नियमात टॉर्पेडोला, म्हणजे पाण्याखालून धावणाऱ्या स्फोटकाला, ‘पाणतीर’ लिहिलं नाही ना? शब्द देखणा आहे. पाणबुडी, पाणसुरुंग यांच्या रांगेत बसतोही. पण आम्ही जहाजावर टॉर्पेडोच म्हणायचो. टॉर्पेडो हे मुळात विजेचा झटका देणाऱ्या माशाचं नाव. अमेरिकेच्या यादवी युद्धात, 1864 च्या सुमारास, या शब्दाचा अर्थ पाण्यात पेरलेला सुरुंग असाच होता. स्वतः धावणारा टॉर्पेडो रॉबर्ट व्हाइटहेड या इंग्रज अभियंत्यानं नंतर, 1866 मध्ये केला. त्या काळचा मजकूर मराठीत आणताना ‘पाणतीर’ लिहिलंत तर सरळ चूक ठरेल. पेरलेला सुरुंग तीर कसा होणार? तुमच्या खेळात मात्र तो धावतो, तेव्हा चालेल.

आणि छोट्या बोटींसाठी इंग्लिश खाडीपर्यंत कशाला जायचं? 4 डिसेंबर 1971 च्या रात्री कराचीवर गेलेल्या निपात, निर्घात आणि वीर या क्षेपणास्त्र बोटीच होत्या. पल्ला कमी, म्हणून वाटेत काही अंतर त्यांना ओढून न्यावं लागलं. पाकिस्तानची ‘खैबर’ ही विनाशिका, म्हणजे मोठी लढाऊ नौका, बुडाली. नौदल दिन त्याच तारखेला असतो.

परभणीकर

खेळाच्या प्रकाराबद्दल एक राहिलं. छापील मराठीत ‘रणनीती’ आणि ‘डावपेच’ एकाच अर्थानं फिरतात. लातूरकरांच्या खेळात एक सोंगटी म्हणजे एकच बोट, एक फेरी म्हणजे थोडकी मिनिटं. बोट कुणीकडे तोंड करून आहे, टॉर्पेडो कुठल्या घरातून सोडला, वळायला किती घरं लागतात, एवढ्यावर सगळं ठरतं. हे डावपेच. शब्द आखाड्यातला आहे आणि तो बरोबर आहे, कारण इथेही अंगाला अंग लागलेलं असतं. अख्खं आरमार कुठे पाठवायचं, इंधन कुठून आणायचं, ही रणनीती. ‘सामरिक’ वगैरे कृपया नको, भाचरं पळून जातील.

बाकी सोंगटी, घर, चाल, फासे, दान हे सगळं तुमच्याकडे आहेच. ‘दान पडलं’ म्हणा, ‘फाशांचा निकाल’ कशाला?

लातूरकर

‘दान’ घेतलं. ‘डाव’ मात्र काढून टाकला, कारण तो शब्द फेरीलाही लागतो, अख्ख्या खेळालाही आणि युक्तीलाही. ‘तुझा डाव संपला’ म्हटल्यावर धाकटा भाचा हरलो समजून उठून गेला होता. आता तिथे ‘फेरी’ केलंय.

अडलोय तो एका जागी. या खेळात दोघंही आपापली चाल गुपचूप कागदावर लिहितात आणि मग एकदमच उघडी करतात. अंधारात समोरचा कुठे वळेल ते दिसत नाही, म्हणून तसं. कधी दोन बोटी एकाच घरात येऊन धडकतात. ऑगस्ट 1943 मध्ये, पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेल्या केनेडींच्या पीटी-109 बोटीला जपानी विनाशिकेनं मधोमध कापलं, तसलाच प्रकार. या लिहून ठेवलेल्या चालीला काय म्हणू? ‘गुप्त आदेश’ सरकारी वाटतं.

बीडकर, निवृत्त नौसैनिक

चिठ्ठी. ‘चिठ्ठ्या लिहा, चिठ्ठ्या उघडा.’

लातूरकर

झालं. पहिला नियम आता असा : ‘दोघांनी चिठ्ठ्या उघडा आणि आपापली बोट लिहिल्याप्रमाणे सरकवा.’ भाचीनं वाचला, तर्जनी मुठीत मिटली आणि सोंगटी उचलली.