मदत हवी आहे: पीएचपीत मोठी सीएसव्ही वाचायला नेमकं कोणतं फंक्शन घेऊ?

नमस्कार मंडळी, गावातल्या वाचनालयाच्या पुस्तकांची यादी आणि देवघेवीच्या जुन्या नोंदी मायएसक्यूएल डेटाबेसमध्ये चढवायच्यात. सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर फाइल) साधारण ६० एमबीची आहे, पीएचपी ८, शेअर्ड होस्टिंग, मेमरी लिमिट १२८ एमबी आणि ती वाढवून मिळत नाही.

आधी फाइल() वापरलं कारण ते ओळींचा अ‍ॅरे हातात देतं, तर १३४२१७७२८ बाइट्स संपले म्हणून स्क्रिप्ट मेली. ६० ची फाइल १२८ मध्ये का मावत नाही? मग एफरीडने ८१९२ बाइट्सचे तुकडे वाचले तर मेमरी ठीक, पण मराठी नावांत मधेच चौकोन यायला लागले. एफगेट्सने एकेक ओळ वाचली तर अक्षरं नीट येतात, पण शेऱ्याच्या रकान्यात कुणीतरी एंटर मारलेत, तिथे एका नोंदीच्या दोन होतात. आता एफगेटसीएसव्ही घेऊ का? प्लीज सांगा, लोकांनी हाताने भरलेल्या नोंदी आहेत, एकही गमवायची नाहीये.

उत्तर:
हो, एफगेटसीएसव्हीच घ्या, ते सीएसव्हीची एकेक नोंद रकान्यांत तोडून देतं. फाइल() आधी अख्खी फाइल मेमरीत ओढतं आणि मग तोडून अ‍ॅरे बनवतं, शिवाय प्रत्येक ओळीच्या स्ट्रिंगचा स्वतःचा वरखर्च असतो, त्यामुळे ६० चे १२८ च्या वर जातात. फाइल_गेट_कंटेंट्स अख्खी फाइल एकाच स्ट्रिंगमध्ये देतं, ते छोट्या फाइलला, जेसन किंवा कॉन्फिगला एकदम बेस्ट, इथे नको. चौकोनांचं कारण असं की यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट्सचं, तुकडा त्याच्या मधोमध पडला की अक्षर फुटतं. एफगेट्स नवी ओळ आल्यावरच थांबतं म्हणून तिथे अक्षर फुटत नाही, पण अवतरणचिन्हांच्या आतला एंटर त्याला ओळखता येत नाही, एफगेटसीएसव्हीला येतो. एफगेटसीएसव्हीच्या एस्केप पॅरामीटरला (हे चिन्ह न दिल्यास बॅकस्लॅश धरलं जातं) रिकामी स्ट्रिंग द्या, नाहीतर बॅकस्लॅशवाल्या नोंदी बिघडू शकतात आणि ८.४ मध्ये तो दिला नाही तर डेप्रिकेटेड (ही पद्धत पुढे बंद होणार) अशी सूचनाही येते. लूप एफईओएफवर (फाइल संपली का ते सांगणारं फंक्शन) चालवू नका, एफगेटसीएसव्हीचा रिझल्ट फॉल्स आला की थांबा. वाचलेली नोंद अ‍ॅरेत साठवू नका, लगेच डेटाबेसमध्ये इन्सर्ट करा, हजार-हजार नोंदींचं एक ट्रान्झॅक्शन (एकत्र पक्का होणारा गट) केलंत की वेळही बराच वाचेल. आणि सीएसव्ही एक्सेलमधून काढली असेल तर सुरुवातीचे ३ बाइट्स बीओएमचे (फाइल यूटीएफ-८ आहे हे सांगणारी अदृश्य खूण) असू शकतात, ते आधी काढा, नाहीतर पहिल्या रकान्याचं नाव जुळणार नाही.